सर ऑस्बर्ट विसरतात तेव्हा

सोमवार, १४ जून १९७६, क्लॅपम

पहिलं वाचन पार पडलं. गावोगाव दौरा करून शेवटी लंडनच्या मोठ्या थिएटरात लागणारं नाटक आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाती आलंय, आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं दुखतंय.

नाटक दोनच माणसांचं. म्हातारे भाऊ-बहीण बापाचं घर विकायचं की ठेवायचं यावर दोन अंक भांडतात. भाऊ म्हणजे सर ऑस्बर्ट पेल. एकाहत्तर वर्षांचे, पन्नास वर्षं तोंडाला रंग लावलेले. युद्धावरच्या त्या चित्रपटात बुडत्या जहाजाचे कप्तान होऊन त्यांनी नुसती टोपी काढली, तर माझी आई हुंदके देऊन रडली आणि बाबा घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर अमेरिका, दोन लग्नं, दोन घटस्फोट, मग परत येऊन एकामागून एक राजे आणि सेनापती, आणि शेवटी खऱ्या राणीकडून 'सर' हा किताब. असा माणूस नॉर्विचमध्ये शाळकरी पोरांपुढे नाटकं करणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या हाताखाली यायला तयार झाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्यांची अट एकच: बहिणीचं काम एनिड ब्रॅकन करणार. निर्माते मॉर्टिमर लाइल यांना पाटीवर पेल हे नाव हवं होतं, ते हो म्हणून मोकळे झाले. मला विचारलं कुणी? एनिडबाई सरसाहेबांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. तरुणपणी ओल्डम गावच्या नाटक कंपनीत दोघं सहा वर्षं बरोबर होते. मग हे लंडनला गेले आणि मोठे झाले, त्या तिथेच राहिल्या. अलीकडे रेडिओवर म्हाताऱ्या शेजारणींचे आवाज काढतात म्हणे.

खरं लिहायचं तर आज त्यांनीच मला गप्प केलं. हातात संहिता धरून त्यांनी आईच्या दफनाचं लांब भाषण वाचलं, तेव्हा खोलीत कुणी कपसुद्धा खाली ठेवला नाही. सरसाहेबांनी आपलं काम आगगाडीचं वेळापत्रक वाचावं तसं वाचलं. मधे बिस्किट खाल्लं.

बुधवार, २३ जून

उकाडा. खिडक्या उघडल्या की बसचा धूर येतो, लावल्या की जीव जातो.

दुसऱ्या अंकात बहीण खिडकीपाशी, पाठमोरी उभी राहून दफनाचं बोलते. सगळ्या नाटकाचा कणा तो. मी नेपथ्य त्या खिडकीभोवती बांधलंय. आज सरसाहेब म्हणाले, बायकांच्या पाठीशी बोलायची त्यांना सवय नाही. एनिडने खुर्चीत बसावं, हातात वर्तमानपत्र धरून. मी विचारलं, आईच्या दफनाबद्दल बोलताना कोण पेपर वाचतं? तर म्हणे, "माझी मावशी वाचायची."

तासभर वाद घातला. शेवटी त्यांनी ते जहाजाच्या कप्तानाचे डोळे माझ्यावर रोखले आणि मी हरले. एनिडबाई त्या वेळी चष्मा पुसत होत्या. त्यांची बाजू मी मांडत होते आणि त्यांनी एक शब्द बोलू नये, याचं मला वाईट वाटलं.

रात्री जेवताना नवऱ्याला, कीथला सांगितलं. तो म्हणाला, पेपरवर काही चिकटवता येतं. मी म्हटलं, काय चिकटवता येतं? तो म्हणाला, काही नाही, बटाटे दे.

सोमवार, २८ जून

आता संहिता हातात घ्यायची नाही असं ठरलं, आणि सरसाहेबांचा खरा रंग दिसला. हा माणूस बहिणीची वाक्यं खातो. एनिडबाईंनी तोंड उघडायच्या आत हे सुरू: "मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. बाबांनी हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं म्हणणार, हो ना?" हे वाक्य त्यांचं नाहीच. तिचं आहे. आणि तिच्याकडे उरतं काय, तर "हो."

पन्नास वर्षं टाळ्या खाऊन पोट भरलं नाही. एका म्हातारीच्या ताटातलंही हवंय.

चहाच्या वेळी एनिडबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही ठाम राहा, मी पाठीशी आहे. त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, "ऑझी असाच आहे गं. ओल्डमला तर माझ्या वाटचा पावसुद्धा खायचा." आणि हसल्या. मग मला विचारलं, आज काय वार.

शनिवार, ३ जुलै

माझ्या मनात होतं तेच निघालं. सरसाहेबांची आठवण गेली आहे.

दफनाच्या भाषणाच्या आसपास प्रवेश अडतो. शांतता पसरते, आणि मग हे कपाळावर हात मारतात: "चुकलो. माझंच चुकलं. विसरलो सपशेल. एनिड, मागून घेऊया का?" या आठवड्यात हे रोज झालं. एवढा मोठा नट, आणि लाज नाही. उलट विसरल्याचं सांगताना आवाज असा खणखणीत लागतो की जिन्यावरच्या झाडूवालीलाही कळावं.

कीथला म्हटलं की मी बुडाले. तो म्हणाला, "अडतं तेव्हा वाक्य कुणाचं असतं?" कीथ शाळेत गणित शिकवतो, त्याला सगळ्याची क्रमवारी लावायची असते. मी म्हटलं, नाटकात वाक्य कुणाचं हे महत्त्वाचं नाही, लय कुणी मोडली ते महत्त्वाचं. त्याने मान हलवली आणि बागेत गेला. बागेत आता काही उरलेलं नाही. पाणी घालायला बंदी आहे.

लाइलना फोन करून सांगून टाकलं. लपवून काय उपयोग?

मंगळवार, १३ जुलै, नॉटिंगहॅम

काल पहिला प्रयोग. दौऱ्यावर चुका उघड्या पडतात, त्यासाठीच दौरा असतो, असं मी स्वतःला सांगतेय.

दुसऱ्या अंकात तेच झालं. शांतता. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मी मागच्या रांगेत नखं खात होते. तेवढ्यात सरसाहेब उठले, सावकाश रंगमंच ओलांडून गेले, खुर्चीवरची शाल एनिडबाईंच्या खांद्यावर घातली आणि गालाला गाल लावून तिथेच थांबले. माझ्या दिग्दर्शनात यातलं काहीही नाही. बाईंनी मग भाषण सुरू केलं आणि इतकं सुंदर केलं की त्या शालीवर रागवायचं राहून गेलं. पण बायका रुमाल काढत होत्या त्या शालीसाठी, भाषणासाठी नव्हे. स्वतः अडकला आणि त्यातूनही टाळी काढली.

आज इथल्या पेपरात आलं: सर ऑस्बर्ट यांची स्मरणशक्ती आता साथ देत नाही, मिस ब्रॅकन यांच्या संयमाला मात्र तोड नाही. मी नाश्त्याच्या टेबलावर पेपर लपवला. सरसाहेबांनी तो बशीखालून ओढून काढला, वाचला आणि एनिडबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "संयमाला तोड नाही" हे दोनदा.

"माझ्या संयमाला कुणी बघितलंय?" त्या म्हणाल्या. "अंडं बघ कसं उकडलंय ते." मग अंड्यावरून दोघं भांडले.

गुरुवार, २२ जुलै, बाथ

लाइल आले. घामाने सूट भिजलेला, तरी कोट काढेनात. म्हणाले, पेलसाहेबांशी बोल, तू दिग्दर्शक आहेस.

त्यांच्या खोलीवर गेले. किती तयारी करून गेले होते. तुमच्याबद्दल आदर आहे, तरी, वगैरे. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "बरोबर आहे तुझं. डोकं चाळणी झालंय. काही राहत नाही." इतक्या सहज. जणू छत्री विसरली होती. मला धक्काच बसला. वर उपायही त्यांच्याकडे तयार होता: नेपथ्यातल्या शेकोटीमागे प्रॉम्प्टर बसवायचा. आपण अंगठी फळीवर वाजवली की तिने हळूच वाक्य सांगायचं.

मोरीन आमची प्रॉम्प्टर, सडपातळ आहे, मावेल. मी हो म्हटलं. तर पुढे अट: एनिडची खुर्ची शेकोटीला लागून हवी. मी म्हटलं, ऐकायचं तुम्हाला आहे, मग खुर्ची तुमची हलवायला नको का? ते म्हणाले, "मी तिथे उभा राहून कान लावला तर लोक माझ्या कानाकडे बघतील. एनिड बसली असली की तिच्याकडे बघतील."

हे बरोबर आहे की वेडेपणा, मला ठरवता येईना. तीस जुलैला मला अडतिसावं लागेल. साठ वर्षांची असल्यासारखं वाटतंय.

बुधवार, २८ जुलै, ब्रायटन

प्रयोग सुधारले आहेत. अंगठी वाजते, मोरीन पुटपुटते, गाडी पुढे जाते. प्रेक्षक भरपूर, समुद्रावर भाजून आलेले, लाल.

आज टेलिव्हिजनची माणसं आली होती, सरसाहेबांच्या पन्नास वर्षांवर कार्यक्रम करताहेत. मी कोपऱ्यात बसून होते. मुलाखत घेणाऱ्याने त्या जहाजाच्या चित्रपटाचं विचारलं. सरसाहेब गोड हसले: "कसलं जहाज?" मुलाखत घेणारा गांगरला. जगातल्या अर्ध्या लोकांना पाठ असलेला चित्रपट, आणि याला आठवेना. मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली. नुसता चिडका स्वभाव असता तर परवडलं असतं.

आणि मग कॅमेरे गेल्यावर रंगपटाच्या दारातून ऐकलं तर काय, एनिडबाईंच्या केसांना पिना लावता लावता हे गृहस्थ ओल्डमला केलेल्या कुठल्याशा फार्सचा अख्खा अंक म्हणत होते, दोन्ही पात्रांचा. नोकर, मालकीण, सगळं. एकही शब्द अडला नाही. बाई डोळे मिटून हसत होत्या. कीथला फोनवर सांगितलं, तर म्हणाला जुनं राहतं आणि नवं जातं असं होतं म्हणे म्हाताऱ्यांचं. मग म्हणाला, "पण जहाज नवं नव्हतं, ज्युडिथ."

शुक्रवार, ३० जुलै

वाढदिवस. लाइलचा फोन. सरसाहेबांना स्पेनमध्ये चित्रीकरण असलेला मोठा चित्रपट मिळाला होता, सप्टेंबरपासून. विमा कंपनीने त्यांचा विमा उतरवायला नकार दिला. स्मरणशक्तीची बातमी सगळीकडे गेली आहे. चित्रपट दुसऱ्या नटाला मिळाला. लाइल हे असं सांगत होते, जणू त्यांनी हवामानाचा अंदाज आधीच वर्तवला होता.

बातमी गेली म्हणजे कुणाकडून गेली? लाइलना पहिला फोन माझाच होता.

सरसाहेबांना सांगायला गेले. ते मोज्याला भोक पडलंय का बघत होते. म्हणाले, "या उन्हात स्पेनला कोण जातंय." चेहऱ्यावर काही नाही. इतक्या वर्षांत एवढं मिळालंय की एक चित्रपट गेल्याचं यांना काय सोयरसुतक. आम्हा बाकीच्यांना मात्र झोप येत नाही. माझ्यासाठी त्यांनी केक मागवून ठेवला होता, त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलेलं.

मंगळवार, ३ ऑगस्ट, न्यूकॅसल

सरसाहेबांची दाढ सुजली. गाल टरारून वर आला, ताप. डॉक्टरांनी आडवं केलं. आज बदली नट रॉडनीने त्यांचं काम केलं.

रॉडनी चांगला मुलगा आहे. पन्नाशीचा मुलगा, पण मुलगाच. त्याला सगळं पाठ होतं. पण त्याने काहीतरी गोंधळ घातला असणार, कारण पहिल्या अंकापासून एनिडबाई बिचकल्या. त्याने वाक्य टाकावं आणि त्यांनी त्याच्याकडे बघत राहावं. दुसऱ्या अंकात दफनाच्या जागी त्या बोलल्याच नाहीत. पेपर मांडीवर, हात पेपरवर. रॉडनी थांबला. पुन्हा वाक्य टाकलं. मग त्यांनी पहिल्या अंकातलं चहाचं वाक्य म्हटलं. पुन्हा तेच म्हटलं. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "ऑझी कुठे गेला?"

मी पडदा पाडायला लावला. लोकांना सांगितलं, उकाड्याने मिस ब्रॅकनना घेरी आली.

रॉडनीवर ओरडले. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग मोरीनवर ओरडले, की तू शेकोटीमागे झोपली होतीस का, बाईंना सांगितलं का नाहीस?

मोरीन म्हणाली, "सरांनी अंगठी वाजवल्याशिवाय बोलायचं नाही असं सांगितलंय ना. कधी सांगायचं ते त्यांना बरोबर कळतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून."

"कुणाच्या?"

"मिस ब्रॅकनच्या." मग माझ्याकडे बघून तिचा आवाज खाली गेला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

त्यांच्या खुर्चीतला पेपर उचलला. दफनाचं भाषण. सरसाहेबांच्या अक्षरात, मोठ्या काळ्या अक्षरांत, लग्न-मृत्यूच्या जाहिरातींवर चिकटवलेलं.

बुधवार, ४ ऑगस्ट

इतकी चिडलेय की लिहिता येत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी गेले त्यांच्याकडे. गालाला फडकं बांधून पडले होते, कप्तानही नाही आणि राजाही नाही, दाढ दुखणारा म्हातारा. मी बोलले ते बोलले. मला मूर्ख बनवलं, लाइलना बनवलं, पेपरवाल्यांना बनवलं. स्वतःचं नाव मातीत घातलं, चित्रपट घालवला. आणि मी रोज इथे बसून तुमच्या नावाने खडे फोडतेय.

ते म्हणाले, "छान पटलं ना पण? जहाजाचं जरा जास्त झालं."

मी विचारलं, कशासाठी हे? दोघांचं एका अंड्यावरून पटत नाही. त्यांनी फडकं सैल केलं. म्हणाले, "मी विशीत किती भिकार नट होतो हे ठाऊक असलेलं एकच माणूस उरलंय. ती मला म्हणाली होती, तिला अजून एकदा रंगमंचावर उभं राहायचंय. उभं राहणं जमलं नाही, म्हणून बसवलं."

हे काही उत्तर नव्हे. मला अजूनही कळलेलं नाही. दयाच असती तर पैसे पाठवायचे, फुलं पाठवायची. माणूस स्वतःची अब्रू देतो का?

आणि वर ताकीद: एनिडला यातलं काही कळता कामा नये. तिला वाटतंय की आपण ऑझीला सांभाळून घेतोय. "आणि लाइलला सांगितलंस तर मी म्हणेन ही पोरगी खोटं बोलते. मी तुझ्यापेक्षा चांगलं म्हणेन."

गुरुवार, ५ ऑगस्ट

लाइल धावत आले. आणि मला वाटलं होतं त्याच्या बरोबर उलटं बोलले. म्हणे, बघ, परवा पेल नव्हते तर बिचाऱ्या ब्रॅकनबाईंना धक्क्याने घेरी आली. या माणसाने सगळ्यांच्या मेंदूचा भुगा केलाय. लंडनला पेल नकोत. दुसरा नट बघितलाय, चांगलं नाव आहे. ब्रॅकन मात्र हव्यातच, पेपरवाले तिच्यावर खूश आहेत.

सरसाहेबांनी अभिनय इतका चोख केला की आता त्यांनाच काढताहेत, आणि ते गेले की एनिडबाई दुसऱ्या मिनिटाला कोसळणार. खरं सांगितलं तर एनिडबाई जाणार, सरसाहेबांचं नाव धुऊन निघणार, आणि माझं नाटक लंडनला लागणार. मला काय हवंय हे मला नक्की ठाऊक होतं. ते वाक्य तोंडात होतं.

मी म्हटलं, दोघांपैकी एकालाही बदललं तर मी करणार नाही.

लाइलनी विचारलं की मी पुन्हा नॉर्विचच्या शाळांपुढे नाटकं करायला तयार आहे का. मी म्हटलं, पोरं निदान वेळेवर टाळ्या वाजवतात. ते गेले. लंडन रद्द. शनिवारी शेवटचा प्रयोग.

मूर्ख आहे मी. कीथला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, शनिवारी मी येतो गाडीने.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

एनिडबाईंनी चहाला बोलावलं. आज त्या लख्ख होत्या. साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुला कळलंय, ना? मोरीनचा चेहरा बघून मी ओळखलं."

मी उगीच चमचा ढवळत राहिले.

म्हणाल्या, डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यातच सांगितलं होतं. तालमीत पहिल्यांदा अडलं आणि ऑझीने कपाळावर हात मारला, तेव्हाच त्यांना समजलं तो काय करतोय. "पण त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. त्याला वाटतंय, मीच त्याला सांभाळतेय अशी माझी समजूत आहे. गेल्या तीस वर्षांत इतकं चांगलं काम केलं नाहीये त्याने. सगळ्या त्या मेल्या सेनापतींमध्ये सुद्धा."

म्हणजे तो म्हणतो तिला सांगू नको. ती म्हणते त्याला सांगू नको. आणि मी, जिला कुणीच काही सांगितलं नाही, तिने आता दोघांचं सांभाळायचं.

रविवार, ८ ऑगस्ट

काल शेवटचा प्रयोग झाला. सरसाहेबांचा गाल अजून सुजलेला, रंगाने झाकला. कीथ माझ्या शेजारी बसला होता.

दफनाच्या जागी एनिडबाई थांबल्या. अंगठी वाजली. मोरीनचं पुटपुटणं मला मागच्या रांगेतसुद्धा ऐकू आलं, बाईंना नक्की ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली. पेपरकडे बघितलं, त्याची घडी केली, आणि तो खाली जमिनीवर ठेवला. सरसाहेब शाल घ्यायला वळले होते, तिथेच थांबले.

"तूच सांग, ऑझी," त्या म्हणाल्या. नाटकातल्या भावाचं नाव ऑझी नाही. "तुला सगळं आठवतं."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा तयारीशिवाय बघितला. कुठलाही आव नाही. तिला कळलंय, हे त्यांना तिथे, सगळ्यांसमोर कळलं. ते तिच्या पायाशी लाकडी फळ्यांवर बसले, एकाहत्तराव्या वर्षी, एका हाताने खुर्चीचा पाय धरून. आणि तिचं भाषण म्हणायला लागले. "मी"च्या जागी "तू" घालून. "तू पहाटे उठलीस. तू तिचे केस विंचरलेस. चर्चमध्ये पहिल्या बाकावर तू एकटी बसलीस, कारण मी आलो नव्हतो. मी येतो म्हणालो होतो, आणि आलो नाही." शेवटची दोन वाक्यं लेखकाची नाहीत. त्या ऐकत होत्या, कुणा दुसऱ्याच बाईची हकिगत ऐकावी तशा, आणि मधे मधे म्हणत होत्या, "हो का?" आणि एकदा, "थंडी होती का रे तेव्हा?" त्यांनी सांगितलं, होती.

यातलं काहीही मी बसवलेलं नाही. लेखक असता तर कोर्टात गेला असता. पडदा पडला तरी लोक उठेनात. कीथने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला.

नंतर बोळात एका पेपरवाल्याने गाठलं. वही उघडून उभा. म्हणाला, सर ऑस्बर्टनी मिस ब्रॅकनचं भाषणच म्हणून टाकलं, म्हणजे आता परिस्थिती खरोखर गंभीर आहे का? सरसाहेब चार पावलांवर, रंगपटाच्या दारात तोंड पुसत उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हो," मी म्हटलं. "कोणतं वाक्य कुणाचं हे आता त्यांना आठवत नाही. मिस ब्रॅकननी सांभाळून घेतलं."

त्याने लिहून घेतलं. आभार मानले. माणूस भला होता, त्यालाही वाईट वाटत होतं.

आज सकाळी स्टेशनावर सगळे भेटलो. एनिडबाईंना खिडकीची जागा मिळवून देऊन, त्यांच्या गुडघ्यांवर कोट पसरून सरसाहेब माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. निदान निरोपाचं.

"कालचं पत्रकाराला सांगितलंस ते ऐकलं मी," ते म्हणाले. "वाईट नव्हतं. पण 'सांभाळून घेतलं'च्या आधी श्वास घ्यायला हवा होतास. वाक्य घाईत पडलं, ज्युडिथ. पुढच्या वेळी माझ्याकडे एकदा बघ, कीव आल्यासारखं, आणि मग म्हण."

आणि गाडीत चढले.